पन्नास ओहमची टोपी

नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, आणि मी एका धडधाकट सिग्नल जनरेटरला बिघडलेला ठरवून लाल चिठ्ठी डकवली. वर चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात टेबलावर हात आपटून थेट साहेबांना बोलावणं धाडलं. गेल्या महिन्यात नसीमआपा गेल्याचा फोन आला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी हेच आठवलं आणि मी फिसकन हसले. नातवाला वाटलं, आजी गेली कामातून.

आपा आमच्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख. मी नवी इंजिनीअर, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. साहेबांना मुळात मुलगीच नको होती. जनरेटरवर पाच व्होल्ट लावले, तर स्कोपच्या पडद्यावर लहर दहा व्होल्टची. सरळ दुप्पट! त्या वयात चूक कायम समोरच्याची असायची, मग तो माणूस असो की यंत्र.

आपा आल्या. "कायकू चिल्लारी गे? लोड कुठंय?"

"कसला लोड?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, याच्या पोटात पन्नास ओहम आहेत. बाहेरही पन्नासचाच लोड जोडणार, असं धरून डायलवर आकडे लिहिलेत. तसं जोडलं की निम्मा व्होल्टेज आत पडतो, निम्मा बाहेर मिळतो. तुझा स्कोप नुसता बघतो, घेत काहीच नाही. मग आत काय पडणार? सगळाच बाहेर!"

तेवढ्यात जिन्यावर साहेबांचे बूट वाजले. झालं, नोकरी गेली, आता घरी बसून कांदेपोहे. आपांनी पर्समधून बोटाच्या पेराएवढी पितळी टोपी काढली, पन्नास ओहमची, आणि स्कोपच्या तोंडाशी जोडली. लहर निम्म्यावर बसली. बरोब्बर पाच. लाल चिठ्ठी त्यांच्या मुठीत गेली.

"काय बिघडलंय?" साहेब.

"कुछ नै साहब. लोड लावून अन् न लावून, दोन्ही बघत होतो. पोरगी लई बारकाईनं बघते."

बारकाईनं बघणारी पोरगी स्वतःच्या चपला बघत उभी होती. नोकरी टिकली, आणि आपा रिटायर होईतो आम्ही एकाच टेबलावर बसलो. मी आवाज चढवला, कँटीनच्या चहावरून असो की नवऱ्यावरून, की आपा चकार शब्द न काढता ती टोपी माझ्यापुढं ठेवायच्या. मी निम्म्यावर यायची. ईदला घरी गेले तरी शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी टोपी हजर. गोड जास्त झालंय म्हणायचीही सोय नाही.

परवा रोशन गेटला त्यांच्या घरी गेले. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. वाटेत रिक्षात किती वाक्यं जुळवली होती... एक फुटेना. बराच वेळ तशीच बसले. त्यांची मुलगी रुबीना आत गेली, बाहेर आली, आणि माझ्या तळहातावर ती टोपी ठेवली.

मी ती बोटांत फिरवून बघितली.

"अम्मी बोली थी, खाला... 'उसकू अब्बी नक्को दे. जिस दिन आके चुप बैठेगी, उस दिन दे.'"