चौक रखडवला कुणी?

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. चहा अंगावर सांडला तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. हल्ली स्टेशनच्या बाजूला काहीही बिनसलं की लोक पहिल्यांदा माझ्याकडंच बघतात. का बघतात, तेच सांगते.

मी शाळेत पीटीची बाई होते. कवायत, संचलन, प्रभातफेरी, सगळं माझ्याकडं. एका शिट्टीत अख्खं मैदान सरळ उभं करायचे. रिटायर झाले, पण डोळा कुठं रिटायर होतो? लग्नाच्या पंगतीत ताटं वाकडी मांडलेली दिसली तरी मला घास गोड लागत नाही.

आणि आमच्या ह्यांचं दुकान सोलापूर स्टेशनसमोरच्या चौकात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी. सासऱ्यांनी सुरू केलेलं. गाडीला निघालेला माणूस चटणीची पुडी घेतल्याशिवाय पुढं जायचा नाही.

होळी झाली आणि चौकाचं नूतनीकरण निघालं. मधोमध कारंजं, भोवती रंगीत ब्लॉक, बसायला बाकं. त्याचं चित्र लागलं तेव्हा पेढे वाटणारे आम्हीच. मग दुकानासमोर पत्रे ठोकले, चर खणला, चरावर एक फळी टाकली. आता मला सांगा, हातात दोन बॅगा, कडेवर पोरगं आणि चटणीसाठी फळीवरून कसरत कोण करणार?

"पावसाच्या आत होईल," असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, होईल कसं, कुणीतरी उभं राहून करून घेतल्याशिवाय? दुकानं उघडायच्या आधीचं माझं सकाळचं फिरणं मी चौकाकडं वळवलं. पांढरे बूट, डोक्याला टोपी, गळ्यात सवयीनं शिट्टी.

तिथं मुकादम होता शिवपुत्र, अक्कलकोटकडचा. माणूस लई गुणी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ही ब्लॉकची रांग कुणी लावली?"

"आमीच लावलो, मॅडम."

"सरळ आहे?"

त्यानं मान कलती करून बघितलं. "जरा तिरकं हाय की."

"मग काढा. दोरी धरा आणि परत लावा."

"आयतू, मॅडम."

आयतू म्हणजे कानडीत 'झालं समजा'. आणि खरंच झालं की हो. दुसऱ्या दिवशी जाते तर अख्खी रांग काढून नव्यानं बसवलेली. आमच्या घरात साधा पंखा बंद करा म्हटलं तर कुणी उठत नाही. मला त्या चौकाची गोडीच लागली.

मग रोज जायला लागले. लाल ब्लॉकशेजारी लाल आला, मी म्हटलं एकाआड एक पाहिजेत. काढले, परत लावले. बाकं पुढंमागं दिसली, म्हटलं एक हाताचं अंतर ठेवा. उचकटली, परत रोवली. शिवपुत्र मला बघितलं की खुर्ची पुसून ठेवायचा, चहा मागवायचा. एक दिवस त्यानं मला पांढरं हेल्मेट आणून दिलं. कामगारांची सगळी पिवळी. म्हटलं, बघा, वयाचा मान अजून शिल्लक आहे जगात.

आणि घरी येऊन मी काय म्हणायचे? "काय ती कामाची रड! पुढं सरकतच नाही."

पावसाळा आला. कामात पाणी, चरात पाणी, फळी गेली वाहून. गणपती गेले. एक दिवस हे जेवता जेवता म्हणाले, "दिवाळीला चौक मोकळा झाला नाही, तर दुकान देऊन टाकतो कुणाला तरी." आणि अर्धी भाकरी टाकून उठले. भाकरी विकणारा माणूस ताटात भाकरी टाकतो म्हणजे बघा.  आमच्या ह्यांना ना क्रिकेटचं वेड, ना पत्त्यांचं. त्या गल्ल्यावर बसून आल्यागेल्याशी दोन शब्द बोलायचे, एवढाच त्यांचा जीव. दुकान गेलं तर हा माणूस घरात नुसता भिंतीकडं बघत बसेल, हे मला दिसत होतं.

म्हटलं, बास. आता मी नीट लक्ष घालते.

नीट लक्ष घातलं आणि पहिली गोष्ट काय दिसली? कारंजं मधोमध नाही. स्टेशनच्या दारात उभं राहून बघा, डावीकडं सरकलेलं. मैदानात झेंडा एका अंगाला रोवलेला चालेल का? मी शिट्टीच मारली. शिवपुत्र पळत आला. बघितलं, डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हे हलवलं तर भोवतीचं सगळंच काढावं लागतंय की."

"मग काढा. एकदाच करा, पण नीट करा."

त्या दिवशीचं "आयतू" जरा बारीक आवाजात आलं.

कारंजं फुटलं, भोवतीचे ब्लॉक निघाले, चौक परत होळीला होता तिथं. दसरा जवळ आला. मी भडकले. त्याला म्हटलं, "शिवपुत्र, खरं सांग, हे काम का रखडलंय?"

तो म्हणाला, "वरनं सारखं बदल येतंय, मॅडम. आमी काय करणार?"

"कोण सांगतो हे बदल? नाव सांग मला त्याचं. बघतेच मी त्याच्याकडं."

शिवपुत्र हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बिचारा घाबरलाय, म्हणून असं हसतोय. माझी दयाच आली मला... म्हणजे त्याची. माझी नंतर आली.

त्याच संध्याकाळी शेजारच्या रियाजभाईंच्या टपरीवर मी सगळ्या दुकानदारांना जमवलं. रियाजभाई म्हणाले, "भाभी, आगे तुमच रहो. तुम्हारी आवाज पूरे स्टेशन में जाती."

जातेच. दुसऱ्या दिवशी आम्ही चौकात ठिय्या दिला आणि मी अशी काही घोषणा दिली की फलाटावरचे लोक बाहेर येऊन बघायला लागले. आमची मागणी एकच, आणि ती माझीच कल्पना: सारखे बदल सांगून काम रखडवणारा जो कोणी असेल, त्याला काम संपेपर्यंत या चौकात पाऊल ठेवू देऊ नका.

दुपारी या कामाचे साहेब ऑफिसमधून आले. तरुण पोरगा, दोन ठिकाणचं काम एकट्याच्या गळ्यात. त्यानं फुटलेलं कारंजं बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "हे कुणी फोडायला सांगितलं?"

शिवपुत्र चक्रावला. "तुमीच म्हणाला होता की, ऑफिसातनं कुणीतरी येतील, ते सांगतील तसं करा. आल्या की मॅडम. रोज येतात." आणि त्यानं बोट केलं.

सगळ्यांनी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं. मीपण मागं वळून बघितलं. मागं पत्रा होता आणि त्यावर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' लिहिलेलं.

"आपण कुठल्या विभागाच्या?" साहेबांनी मला विचारलं. माझ्या डोक्यावर साहेबांसारखंच पांढरं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. मी दुकानाकडं हात केला. "चटणीच्या," म्हटलं.

 रियाजभाई चहाच्या पातेल्यात तोंड घालून हसत होते. आमचे हे डोळे मिटून उभे होते, मारुतीच्या देवळात उभे राहतात तसे.

साहेब म्हणाले, "तुमची मागणी काय होती?"

मी हळूच शिट्टी मुठीत लपवली. मग दुकानदारांनीच एका सुरात सांगितली.

"मान्य," साहेब म्हणाले.

आयुष्यभर शाळेसाठी ऑफिसांचे उंबरे झिजवले हो मी. जागच्या जागी मान्य झालेली माझी ही एकुलती एक मागणी.

त्यानंतर मी चौकात गेले नाही. ह्यांचा डबासुद्धा पलीकडच्या फुटपाथवरून हाक मारून द्यायचे. आणि काय सांगू, काम असं धावलं की वसुबारसेला पत्रे निघाले. दिवाळीला गावी निघालेल्यांची दुकानात रांग लागली. ह्यांच्या चेहऱ्यावर सासऱ्यांच्या वेळचं हसू परत आलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पाडव्याला हे मला स्वतः घेऊन गेले. कारंजं अगदी मधोमध. ब्लॉक लाल-पिवळे, एकाआड एक. मी छाती काढून चालत होते, आणि दुकानाच्या पायरीपाशी थबकले. एक ब्लॉक तिरका.

तेवढ्यात शिवपुत्र चटणी न्यायला आला. माझी नजर कुठं गेलीय, हे त्यानं बरोबर हेरलं. "मॅडम, बोला की. काढून परत बसवू काय?"

मी तोंड उघडायच्या आत दुकानातून हे आणि टपरीतून रियाजभाई एकदमच ओरडले, "आयतू, आयतू! झालं समजा!"