डोंगर जळाल्यावर

अकरा कुटुंबांनी मिळून तो उघडाबोडका डोंगर घेतला, तेव्हा काकू चोवीस वर्षांच्या होत्या, कडेवर तान्ही लेक. जमीन सगळ्यांची, विहीर सगळ्यांची, स्वयंपाकघरही एकच. ठरलं होतं एवढंच, की डोंगराकडून जे घेऊ त्याहून जास्त त्याला परत द्यायचं. नवऱ्यानं कचेरीतली पक्की नोकरी सोडली म्हणून माहेरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला. काकूंना मात्र मनातून बरं वाटलं होतं. कचेरीतून तो रोज आंबट तोंड करून घरी यायचा.

इथं काकूंनी रोपवाटिका सांभाळली आणि काकांनी उतारावर चर खणले, पाणी अडवायला. पावसाचं पाणी पळत खाली जाऊ नये, चरात थांबून मुरावं, म्हणून ते दगडाशी झुंजत राहिले. "आमच्या घरात माणसं चार," काकू हसून सांगायच्या, "मी, लेक, हे आणि ह्यांची पहार. आजारी पडले तर आधी तिची चौकशी करतात!"

सत्तावीस वर्षांत डोंगर हिरवा झाला. आटलेला झरा वाहता झाला. कुठलं झाड कोणत्या वर्षी लावलं हे काकांना तोंडपाठ होतं. लेकीचा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायचे. लेक शिकली, शहरात गेली, तिथंच संसाराला लागली.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, पलीकडच्या उतारावर कुणीतरी पाचोळा पेटवला आणि वारा फिरला. वस्तीतलं लहानथोर ओली पोती घेऊन धावलं. चार तास सगळे झगडले. माणसं वाचली, घरं वाचली, खालची रोपवाटिकाही वाचली. डोंगर गेला.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच वर जाऊन आले. पायऱ्यांवर बसले. हात कोपरापर्यंत काळे.

"अहो, दोन घास खाऊन घ्या."

"एक झाड उरलं नाही गं."

"रोपं आहेत ना आपल्याकडे," काकू म्हणाल्या. "नऊ हजार आहेत. पुन्हा लावू."

काकांनी मान वर केली. "तुला काय, तुझी रोपवाटिका वाचली."

काकू ताट तिथंच ठेवून आत गेल्या. धीर द्यायला बोलल्या होत्या त्या. पण त्या वेळी नुसतं शेजारी बसायला हवं होतं, हे त्यांना फार उशिरा उमगलं.

सतरा दिवसांनी काकांनी पिशवी भरली. लेकीनं बोलावलंच होतं. "चल तूही," ते दारात म्हणाले. काकूंच्या हातात पाण्याची झारी होती. उन्हाचा कहर, रोपांना दोन वेळा पाणी मिळालं नसतं तर आठवड्यात सगळ्यांनी माना टाकल्या असत्या. "पाऊस सुरू झाला की येते," त्या म्हणाल्या. पाऊस आला तेव्हा लागवड निघाली. मग निंदणी. मग बी गोळा करायचे दिवस.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. जेवलात का, गुडघा कसा आहे, एवढंच. दुसऱ्या वर्षी जळक्या खोडांच्या बुडातून कोंब फुटले, तेव्हा मात्र काकूंना राहवेना.

"अहो, ऐका ना! वरच्या चरापाशी..."

"मला नको सांगूस," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यानंतर काकूंनी डोंगराचं नाव काढलं नाही.

त्याच हिवाळ्यात काका लेकीच्या घरी झोपेतच गेले. काकू पोचल्या तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत त्यांची खाट भिंतीला लावलेली होती. गॅलरी रिकामी.

"कुंड्या आणते म्हटलं, तर नको म्हणाले," लेक म्हणाली. "दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचे. आई, तू यायला हवं होतंस."

"हो," काकू म्हणाल्या. "यायला हवं होतं."

लेकीला वाटलं होतं आई काहीतरी सबब सांगेल. ती एकदम आईच्या गळ्यात पडली आणि दोघी बराच वेळ रडल्या.

काकू महिनाभर राहणार होत्या. नवव्या दिवशी परतल्या. हातांना काम नसलं की जीव घुसमटायचा. वस्तीच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, वरच्या उताराला काकांचं नाव देऊ या.

"नका देऊ," काकू म्हणाल्या. "शेवटी त्यांना तो डोंगर नजरेसमोरही नको होता. त्यांचं तेवढं तरी ऐकू या."

कुणी वाद घातला नाही. काकू आजही पिशव्यांत माती भरतात, बी टोचतात, नव्या आलेल्यांना झारी कशी धरायची ते दाखवतात. पूर्वी लागवडीला त्याही वर जायच्या; आता रोपं तयार झाली की बाकीचेच ती वर घेऊन जातात. काकू शेवटची पाटी त्यांच्या डोक्यावर चढवून देतात आणि पायवाटेच्या तोंडाशीच थांबतात.