गळतीचं पाणी

मी शिरूरला शिकवायला गेलो आणि घरी रविवारचा पाहुणा झालो. घर वरवंडच्या पुढे, कालव्याला लागून. वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणे, आम्हीही. त्यांचा शेवंतीचा मळा विहिरीवर होता आणि विहीर कालव्यावर. पाणी सुटलं की ते मातीच्या तळातून झिरपे आणि विहिरीत झरे वाजू लागत. आप्पा काठावर बसून ऐकत राहत.

कालव्याच्या खात्याच्या हिशेबी ही गळती होती. आमच्या बांधापलीकडे नळयोजनेची विहीर खणणाऱ्या खात्याच्या हिशेबी हाच झरा गावाचा कायमचा स्रोत होता. दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत, एक खाली, एक वर. मधला जिना कोणी चढलं असेल तर ते चहासाठी.

मग कालव्याला काँक्रीटचं अस्तर करायचं ठरलं. वाचलेलं पाणी कालव्याच्या शेवटच्या गावांना देऊ, असं बैठकीत सांगण्यात आलं. माझी बहीण त्याच शेवटच्या गावांपैकी एकात दिलेली. इथले लोक विरोधाला उभे राहिले, तेव्हा आप्पा एकटेच म्हणाले, "हू द्या. पोरीच्या रानात पाणी जातंय न्हवं?"

पहिल्याच उन्हाळ्यात विहीर आटली. गावचे नळही. बहिणीकडे पाणी पोचलंच नाही, कारण तिसऱ्या एका खात्याने ते आधीच शहराच्या वाट्याला लावून टाकलं होतं. शेवंती मोडली. आप्पा मात्र रोज काठावर जाऊन बसत, आणि मी आलो की एवढंच विचारत, "ताईकडं आलं का रं पाणी?" यंदा ते विचारणंही संपलं.

आप्पांचा दहावा कालव्याच्या घाटावर होता आणि कालवा कोरडा. पाणी सोडायचं आवर्तन पुढे ढकललं होतं. विधीसाठी टँकर बोलावला. पुढाऱ्यांनी श्रद्धांजलीची भाषणं केली. एकाने त्यातही पाण्याच्या नियोजनाचं कौतुक उरकून घेतलं. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही उतरेना. अशा वेळी आमच्याकडे गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून शब्द देतात.

चुलते मला म्हणाले, "बोल की. हिरीला पाणी आणतो म्हण."

मी बोटातली दर्भाची अंगठी फिरवत राहिलो.

"त्यो मास्तर हाय, त्यो काय आणतोय?" बहिणीचे सासरे म्हणाले. "आन् कंच्या खात्याच्या वतीनं बोलायचं, ते तरी इचारा आधी."

लोक हसले. चुलते चिडले. कालव्याच्या खात्याचे एक साहेब टोपी घालून पुढच्या रांगेत बसले होते. चुलते त्यांच्याकडे वळले. "साहेब, तुम्ही तरी शब्द द्या."

साहेब अवघडून उठले. "विहीर आमच्याकडे येत नाही हो," ते म्हणाले. चेष्टा नव्हती, अगदी मनापासून सांगत होते.

तेवढ्यात बायकांतून बहीण उठली. पिंडासमोर येऊन तिने हात जोडले.

"आप्पा, माझ्या रानात पाणी आलं. पाट भरून आलं. तुम्ही जावा आता."

तिच्या सासऱ्यांनी मान खाली घातली.

कावळा उतरला. बैठकीत सांगितलेलं आप्पांनी खरं मानलं होतं. हेही मानलं.