नागीण नाय, नागअळी

बाळांनो, मुरबाडजवळच्या आमच्या गावातल्या अंगणवाडीत एक मदतनीस मावशी आहेत. त्या प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, दुसऱ्यांदा अगदी हळू. पोरं दुसऱ्यांदाच ऐकतात.

परवा दारातल्या लिंबाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या. झाडाला नागीण झाली, शिवलं तर आपल्यालाही होईल, म्हणत मुलं लांब पळाली. एका मुलीची आई झाड तोडायला कोयता घेऊनच आली. मीही तिथेच होते; त्या किडीचं इंग्रजी पुस्तकातलं नाव सांगू लागले, पण कुणी ऐकेना.

मावशींनी एक पान तोडून सगळ्यांसमोर स्वतःच्या गालावर चोळलं. "नागीण नाय गो, नागअळी हाय ती." मग हळूच, "नागअळी." दुसरं पान त्यांनी उन्हासमोर धरलं. पानाच्या पापुद्र्याआड तांदळाच्या कणीहून बारीक अळी रेघ पुढे नेत होती.

"आये, ही घरात बसून घरच खाते!" ती मुलगी ओरडली.

"तुझ्यासारखीच," आई म्हणाली, पण कोयता तिच्या हातातच होता.

आज सकाळी त्या आईने आणि मुलांनी आधी मावशींचा गाल निरखून पाहिला. गाल स्वच्छ होता. मुलं लिंबाकडे धावली आणि आई कोयता घेऊन गवताला गेली. ह्या मावशी माझ्या ओळखीच्या आहेत, हे मी आता कुणी न विचारताच सांगते.