अंतोनने बुजवलेली खाण

निघालो त्या दिवशी घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा माझ्या बॅगेचीच चर्चा जास्त. पायऱ्या इतक्या अरुंद की बॅग डोक्यावर घेऊनच उतरवावी लागली. आई शेजारणीला सांगत होती, "झील कोरियाक चल्लो." मी म्हटलं, "आई, क्रोएशिया." ती म्हणाली, "ताच ता." गिरणी बंद पडल्यापासून बाबा वॉचमनच्या खुर्चीत बसले आणि बोलायचे जवळपास थांबलेच होते. पण रिक्षा सुरू झाल्यावर ते वाकून म्हणाले, "जंय जाशीत थंय इचारीत रव. इचारणाऱ्याक कोण परको म्हणत नाय."

तुम्ही सगळे फोनवर विचारता, तिकडे आहेस तरी कसा? तर ऐका. इस्त्रिया नावाच्या भागात समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. राहतो मात्र आत डोंगरात, एका जुन्या कोळसाखाणीच्या गावात, कारण किनाऱ्यावरच्या खोल्या टुरिस्टांच्या. खाण केव्हाच बंद झाली. गावातली पोरं जर्मनी, आयर्लंडला गेली आणि त्यांच्या जागी आम्ही आलो: नेपाळी, फिलिपिनो आणि एक मालवणी.

घरमालकीण मारिया, ऐंशीला टेकलेली. मी तिला तेता म्हणतो. मावशी, आत्या, सगळं त्यातच आलं. तिच्या स्वयंपाकघरात दोन फोटो आहेत. एकात टोपीवर तारा लावलेला, बंदूक घेतलेला तरुण. दुसऱ्यात काजळी माखलेला खाणकामगार, हातात दिवा. दोघांचे कान सारखेच सुपाएवढे. मी विचारलं, "तेता, हे भाऊ-भाऊ का?"

ती खो-खो हसली. "एकच आहे तो. माझा ताता." ताता म्हणजे बाबा. मग तिने कॉफी ठेवली आणि सांगायला बसली. माझी मोडकी क्रोएशियन आणि तिचे हातवारे, त्यामुळे ती गोष्ट अख्खा हिवाळा पुरली.

तिच्या वडिलांचं नाव अंतोन. त्यांच्या लहानपणी इथे इटलीचं राज्य होतं. शाळेत घरची भाषा बोललं की छडी, आणि आडनावसुद्धा सरकारने बदलून टाकलेलं. मिसरूड फुटायच्या आत अंतोन खाणीत उतरला, मागोमाग धाकटा भाऊ यूरे. दोघांच्या पगारावर विधवा आई आणि हे घर चालायचं. महायुद्धात इटली कोसळली आणि खाणीवर जर्मन आले. त्यांना कोळसा हवा होता. अंतोन जंगलात पळाला, पार्टिझान झाला, म्हणजे रानात राहून जर्मनांशी लढणाऱ्यांत सामील झाला. यूरे खाणीतच राहिला. आईला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं ना.

जंगलात अंतोनची किंमत एकाच गोष्टीसाठी. त्याला सुरुंग लावता यायचा. एक दिवस कमांडरने हुकूम दिला, खाणीचं तोंड उडव. अंतोन म्हणाला, "आत माणसं आहेत. आधी त्यांना बाहेर काढतो."

"त्यांना सांगितलंस की जर्मनांना कळलंच म्हणून समज."

"आत माझा भाऊ आहे. आणि बाकीचेही कुणाचे तरी भाऊच."

कमांडर मान वळवून उभा राहिला. अंतोनने तोच होकार धरला. हवेसाठी खणलेल्या एका जुन्या बिळातून तो सरपटत आत उतरला. माणसं एकेक करून त्याच बिळाने वर निघाली, फक्त यूरे हलेना. तो म्हणाला, "ही बंद केलीस तर आई काय खाईल?"

"जिवंत राहिलास तर बघू. चल आधी."

यूरे शेवटी निघाला. खाण बुजली. माणूस एकही गेला नाही. पण हे काम कुणाचं ते जर्मनांना कळलंच. त्यांनी येऊन घर जाळलं. म्हातारी आई शेजाऱ्यांच्या गोठ्यात राहिली आणि हिवाळा संपायच्या आत गेली. यूरेने तिला पुरलं. अंतोनला येताही आलं नाही.

युद्ध संपलं. अंतोन छातीवर पदक लावून परत आला. यूरे समोरून यायचा आणि रस्ता बदलायचा. सरकारने अंतोनला शहरात खुर्चीचं काम देऊ केलं. त्याने ते नाकारलं आणि खाण उकरणाऱ्यांत नाव दिलं. स्वतः पाडलेले दगड तो स्वतःच्या हाताने उपसत होता. बरेच दिवसांनी एका सकाळी यूरे तिथे येऊन उभा राहिला, बघत राहिला आणि म्हणाला, "टेकूचं लाकूड उलटं लावतोयस." मग फावडं उचलून तोही कामाला लागला. खाण मोकळी झाल्यावर दोघांनी हे जळालेलं घर पुन्हा बांधलं. मी राहतो ती खोली यूरेची.

मी विचारलं, "तेता, त्यांना पश्चात्ताप झाला का गं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाला, आईचं रोज वाईट वाटतं. खाणीचं कधीच नाही."

मला आमचं घर आठवलं. आमची टेकडीवरची खोलीही आता उरलेली नाही. रिडेव्हलपमेंटला गेली, आईबाबा मुलुंडला भाड्याने राहतात. इथे कुणी "घर कुठे?" असं विचारलं की मी अजून घाटकोपरच सांगतो, आणि सांगताना कुठे बोट दाखवावं ते कळत नाही.

नोव्हेंबरात इथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती वाहतात. तेताने मला सोबत नेलं. अंतोनच्या दगडावर तारा, शेजारी यूरेच्या दगडावर क्रूस. मी पाणी आणून दोन्ही दगड धुतले. तेवढ्यात एका ओळखीच्या म्हातारीने मला निरखत तेताला विचारलं, "हा कोण गं?"

तेता म्हणाली, "नाश."

मी दचकलो. मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या भाषेत नाश म्हणजे 'आमचा'.

संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. ती पोट धरून हसली, मग म्हणाली, "आपलो म्हणतत मां? मग झाला तर. जेवलंस?"