पासपोर्ट माझ्याच कपाटात होता

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बहिणीला नाही. नऊ वर्षं ज्यांच्याबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो त्या अनीसभाईंनाही नाही. आईला सांगायला हवी होती, पण ती गेली. येत्या महिन्यात वर्ष होईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी दोहात एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. नकाशे, पत्रं, मंजुऱ्या — कुठला कागद कुणाकडे गेला, कधी परत आला, कुठं थांबला, हे बघायचं. एकवीस वर्षं हेच करतो. माझ्या हातून कागद हरवत नाही आणि अडकतही नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

लग्न केलं नाही. त्याचं काही विशेष कारण नाही, राहून गेलं. अल मुंतझातल्या जुन्या इमारतीत दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि पुस्तकं, दुसरीत अनीसभाई. ते राजापूरकडचे, आमच्याच कंपनीत स्टोअरला. मी सतत वाचत बसतो म्हणून मला मास्तर म्हणतात.

घर देवरुखला आहे. वडिलांनी बांधलेलं, तीन खोल्या आणि पुढं पडवी. ते शाळेत शिक्षक होते. त्यांच्यामागं मी वर एक मोठी खोली चढवली, तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं करून घेतली. साठवलेलं बहुतेक सगळं त्यात गेलं. दर रजेला एक खोका पुस्तकं घेऊन जायचो आणि लावून यायचो. इथं नोकरी आहे तोवर राहता येतं. नोकरी संपली की परत जायचं — खलास. तेव्हा कुठं जायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. त्या वरच्या खोलीत, खिडकीशी, फणसाच्या झाडाच्या बाजूला खुर्ची कुठं ठेवायची, तेसुद्धा.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. बोलताना मी नेहमी 'बाबांचं घर' म्हणायचो.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती एकटीच तिथं होती. उजवी बाजू गेली. वाचा राहिली, पण जड झाली. शुभदा, माझी धाकटी बहीण, तिला कोल्हापूरला आपल्याकडे घेऊन गेली. दोन खोल्यांचा फ्लॅट, नवऱ्याची खाजगी नोकरी, मुलगी बारावीला. तीन महिने तिनं आईचं सगळं केलं. मग एक दिवस तिचा फोन आला.

"दादा, माझ्यानं आता उचलवत नाही रे तिला," ती म्हणाली. "परवा बाथरूममध्ये दोघी पडलो. हसत होतो आम्ही, पण उठता येईना."

तिनं चौकशी केली होती. शहराबाहेर एक शुश्रूषा केंद्र होतं — चोवीस तास परिचारिका, रोज व्यायाम करून घेणारा माणूस, डॉक्टरांची फेरी. डॉक्टर म्हणाले होते की नियमित व्यायाम मिळाला तर आई धरून धरून चालू शकेल. खर्च आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेरचा होता. मी दरमहा पाठवायचो त्यात एक साधा वृद्धाश्रम भागला असता, जिथं वीस जणांमागं दोन बायका होत्या. शुभदाचं म्हणणं असं की देवरुखचं घर विकावं. गिऱ्हाईकही होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "विका. मला काय बरोबर न्यायचंय?"

वडिलांनंतर घर आम्हा तिघांच्या नावावर लागलं होतं. तिघांच्या सह्या हव्यात. मी इथं, म्हणजे माझ्या वतीनं सही करायला शुभदाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं. वकिलातीत जायचं, अधिकाऱ्यासमोर सही करायची, शिक्का घ्यायचा आणि कुरिअरनं पाठवायचं. आखातातल्या प्रत्येकानं हे कधी ना कधी केलेलं असतं.

मी हो म्हणालो. तिचं बरोबरच होतं. त्यात दुसरी बाजू नव्हती.

मसुदा आला. मी तो ऑफिसात छापला, समासाची एक चूक होती ती सुधारली. वेळ घेतली. ठरलेल्या दिवशी गेलो, टोकन घेतलं आणि बसलो. पासपोर्ट शर्टाच्या खिशात होता. त्याचा कोपरा छातीला टोचत होता, ते अजून आठवतं. माझ्या शेजारी सांगलीकडचा एक ड्रायव्हर होता, त्याला बापाच्या जमिनीचं काहीतरी करायचं होतं. "सही कुठं करायची हो साहेब?" त्यानं विचारलं. मी त्याला दाखवलं. तिन्ही पानांवर, खाली उजवीकडे. माझा नंबर यायला चार टोकनं होती तेव्हा मी उठलो आणि बाहेर आलो.

काय मनात होतं? खुर्ची. खिडकी. दुसरं काही नाही.

बाहेर उन्हात उभा होतो तेव्हा शुभदाचा मेसेज आला, 'झालं का?' आणि मी लिहिलं, 'पासपोर्ट कंपनीकडे आहे. रेसिडेन्सीचं काम चालू आहे. मिळाला की करतो.'

हाच तो खोटेपणा. एवढाच. त्याच्याभोवती मी आत्तापर्यंत किती फिरलो बघा.

तुम्ही इकडचे असाल तर तुमच्या लक्षात आलं असेल, की माझं खोटं तपासायला एक फोन पुरला असता. रेसिडेन्सी, म्हणजे इथं राहायचा परवाना, आता पासपोर्ट न ठेवता होते. आमची कंपनी तर कुणाचाच पासपोर्ट ठेवून घेत नाही, कधी घेतला नाही. पण गावाकडे हे कुणाला ठाऊक असणार? तिकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं की आखातात शेठ पासपोर्ट काढून घेतात. कितीतरी गरीब माणसांच्या बाबतीत ते खरंच घडलेलं आहे. त्यांचं दुःख मी उचललं आणि आपलं म्हणून घरी पाठवलं. त्यावर कुणी शंका घेतली नाही. उलट कीव केली.

वाटलं होतं आठवडाभर वेळ मिळेल, विचार करीन. आठवड्यानं मी सांगितलं, मंदूब रजेवर आहे — मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. मग सांगितलं, फाईल दुसऱ्या विभागाकडे गेली. मग, नाव लिहिण्यात चूक निघाली. दर दोन आठवड्यांनी नवी स्थिती. माझा धंदाच तो. कागद कसा अडकतो हे माझ्याइतकं पटेल असं कोण सांगणार?

आईला 'तात्पुरतं' त्या साध्या ठिकाणी ठेवलं. गिऱ्हाईक तीन महिने थांबलं आणि गेलं.

सप्टेंबरात माझी रजा होती. आता पासपोर्टच अडकलाय म्हटल्यावर जाणार कसा? हे मला आधी सुचलंच नव्हतं. खोटं बोललो तेव्हा मी घर वाचवत होतो. आईकडे जायचं दार त्याच मेसेजनं बंद केलं, हे रजेचा अर्ज भरताना कळलं. तरी अर्ज भरला, तीस दिवस इथंच काढले. सकाळी मेट्रोनं अल वक्रापर्यंत जायचो, पुढं समुद्राकाठी, सावलीत पुस्तक घेऊन बसायचो. पानं उलटायची म्हणून उलटायचो.

"काय मास्तर," अनीसभाई म्हणाले, "लोक रजेला मुलखात जातात, तुम्ही वक्र्याला जाता? तिकडं कोण बसवून ठेवलीय काय?"

मी हसलो. काही दिवसांनी मी शुभदाशी बोलत असताना ते स्वयंपाकघरात होते. मी 'पासपोर्ट अजून मंदूबकडेच' म्हणालो ते त्यांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर ते कांदा चिरता चिरता म्हणाले, "मास्तर, आपली कंपनी पासपोर्ट ठेवत नाय. माझा माझ्या बॅगेत हाय."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कांद्याकडे. त्यानंतर त्यांनी मला वक्र्याचा विषय काढून कधी चिडवलं नाही. फारसं चिडवलंच नाही.

माझा पासपोर्ट कपाटात, शब्दकोशामागं, प्लास्टिकच्या पिशवीत होता. मी तो काढून बघायचो नाही. तिथं आहे एवढं माहीत असायचं.

शुभदाचा नवरा, सुहासराव, फार सरळ माणूस. त्यांनी खासदारांना पत्र लिहायला घेतलं. कंपनीचं नाव आणि पत्ता मागितला. मी घाबरून गेलो. "लिहू नका, माझी नोकरी जाईल," म्हटलं. "बरोबर आहे तुमचं, तिथं राहायचंय तुम्हाला," ते म्हणाले, आणि माझ्या सहनशक्तीचं कौतुक केलं. कौतुक!

आता आईचं.

त्या आश्रमात व्यायाम करून घेणारं कुणी नव्हतं. शुभदानं बाहेरून एक जण लावला होता, आठवड्यातून तीनदा यायचा. त्याचे पैसे ती शिकवण्या घेऊन भरायची. दिवाळीनंतर एकदा तिचा फोन आला. ती हसत होती, पण आवाज बरा नव्हता.

"ऐक आईचं. त्या मुलाला परत पाठवलंन तिनं. म्हणते, हे पैसे बाजूला टाका, दादाला सोडवायला लागतील. तुला कुठं डांबून ठेवलंय असं वाटतंय तिला. मी हजारदा सांगितलं, अगं तो कामावर जातो, जेवतो. ऐकतच नाही. तू सांग ना तिला."

मग तिनं आईच्या कानाला फोन लावला. आई सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाळा... भांडू नको हं त्यांच्याशी. देतील. जेवतोस ना?"

मी म्हणालो, "जेवतो. व्यायाम करत जा."

"तू ये आधी. मग करीन."

तुम्हाला वाटेल, आता तरी याला कंठ फुटला असेल. त्याच आठवड्यात वकिलातीत जाता आलं असतं. 'मिळाला एकदाचा' असं एक शेवटचं खोटं बोलून सगळं मिटलं असतं. कुणाला कळलंही नसतं. ती वाट उघडी होती. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत रोज उघडी होती. मी गेलो नाही. का, ते शोधत बसायची माझी इच्छा नाही, कारण शोधलं की काहीतरी सापडतं आणि ते सबबीसारखं दिसायला लागतं. मला घर हवं होतं. म्हातारपणी मला कुणी उचलणारं नसेल, निदान छप्पर असावं, असं वाटत होतं. माझं म्हातारपण अजून यायचं होतं. तिचं येऊन बसलं होतं.

तिला पाठीवर जखमा झाल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना होतात, कूस बदलायला माणूस नसेल तर. त्या चिघळल्या, ताप आला, सहा दिवसांत संपलं. चांगल्या ठिकाणी ठेवली असती तर जगली असती का? डॉक्टरांना मी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं, तरी मी केलं ते तेवढंच राहिलं असतं.

निरोप आला त्याच दिवशी निघालो. मुंबईला उतरून गाडीनं कोल्हापूर. माझ्यासाठी थांबले होते. दारातच शुभदा गळ्यात पडली आणि पहिलं काय विचारलं असेल?

"दिला का रे पासपोर्ट?"

"हो," मी म्हणालो. "आजच दिला."

"ती गेल्यावर दिला मेल्यांनी," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी रडली. आई आत ठेवलेली होती आणि शुभदा माझ्यासाठी रडत होती. अग्नी मी दिला.

हे सगळं मी इतके दिवस का लिहिलं नाही आणि आता का लिहितोय? कारण ते संपलं असं वाटत असताना अजून एक घडलं.

महिन्यापूर्वी शुभदाचा फोन आला. ती आणि सुहासराव बोलले होते. देवरुखच्या घरातला तिचा हिस्सा ती माझ्या नावावर सोडणार आहे, हक्कसोडपत्र करून. "आम्हाला काय करायचंय दादा? मुलगी काही तिकडं राहायची नाही. तू एकटा आहेस. आणि त्या वर्षात तू जे सोसलंस ना..." मी नको म्हणालो. एकदा म्हणालो. ती म्हणाली, "गप रे," आणि मी गप्प बसलो.

माझ्या वतीनं ते स्वीकारायला सुहासरावांच्या नावे कुलमुखत्यारपत्र लागणार होतं. मसुदा आला. मी तो ऑफिसात छापला. या वेळी समास बरोबर होते.

मागच्या मंगळवारी शब्दकोशामागून पासपोर्ट काढला आणि वकिलातीत गेलो. टोकन घेतलं, नंबर येईपर्यंत बसून राहिलो. अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं. तिन्ही पानांवर, खाली उजवीकडे सह्या केल्या. शिक्का बसला. खिडकीशी उभं राहण्यापासून कागद हातात पडेपर्यंत वीस मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर शुभदाचा मेसेज आला, 'झालं का?'

'झालं,' मी लिहिलं.

कुरिअर तिला काल मिळालं.