कोरपना गाडीतला समुद्र

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांच्याशी मी एकदा खोटं बोललो. गंमत म्हणून बोललो. ते त्यांना आणि त्यांच्या मुलीला फार महाग पडलं.

ते आमच्या चंद्रपूर-कोरपना गाडीचे ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. सकाळची पहिली गाडी आमची. भाऊ वर चढायचे, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचे, दुपट्ट्याने समोरची काच पुसायचे. मग वाचायचा चष्मा नाकावर चढवायचे, खिशातून मोबाईल काढून हात लांब करून धरायचे, मान मागे न्यायचे, आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आज समुंदर चालू हाय. लाट तीन फूट. वारा जमिनीकडून."

किंवा, "आज समुंदर बंद हाय."

चंद्रपूरहून समुद्र गाठायचा तर कोणत्याही दिशेने निघा, रेल्वेत एक रात्र तरी काढावी लागते. आमच्या गाडीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तो पाहिलेला नव्हता. पण त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं समुद्राबद्दल मत होतं. कोरपन्याच्या शाळेत जाणारे गुरुजी चढता चढताच म्हणायचे, "काल अडीच फूट होती. वाढली म्हणायची." बल्लारपूरला टोपली घेऊन चढणारी मासोळीवाली बाई दारातूनच विचारायची, "चालू का बंद, भाऊ?"

ही बाई नवीन होती तेव्हाची गोष्ट. भाऊंनी "बंद" सांगितलं, कारण लाटच नव्हती.

"शांत हाय म्हणजे चांगलंच ना जी?" बाईने विचारलं.

"नाई बाई. शांत म्हणजे सुट्टी. लाटच नाई तं पोट्टी शिकवन काय?"

ही पोट्टी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. भाऊ मूल तालुक्यातल्या एका ढिवराच्या घरातले. गावाला मोठा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, घराण्याचा धंदा मासेमारीचा आणि शिंगाड्यांचा. मुलगी चालण्याच्या आधी पोहायला शिकली, असं भाऊ सांगायचे. मी म्हणायचो, भाऊ, थोडं कमी करा. मग ते म्हणायचे, बरं, चालण्याच्या सोबत शिकली. शाळेकडून पोहण्याच्या शर्यती जिंकत जिंकत ती कोकणात एका किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून लागली आणि तिथे फळीवर उभं राहून लाटेवरून येण्याचा खेळ शिकली. आता तोच खेळ ती पर्यटकांना शिकवत होती. बापाच्या मोबाईलमध्ये त्या किनाऱ्याचा अंदाज तिनेच घालून दिला होता. सगळं इंग्रजीत. भाऊ आकडे आणि बाण तेवढे वाचायचे.

एकदा राजुऱ्याला गाडी थांबली असताना गुरुजींनी विचारलं, की लाट किनाऱ्यावर येऊनच का फुटते? भाऊंनी गळ्यातला दुपट्टा काढून इंजिनच्या झाकणावर पसरला, त्याला चुण्या पाडल्या आणि खाली आपला जेवणाचा डबा सरकवला.

"हे पाहा जी. तिथी खडक नाई, खाली सारी रेतीच हाय. रेतीचा उंचवटा आला का लाट त्याले अडखळते अन फुटते. अन रेती काही एका जागी बसत नाई. आज इथी, उद्या तिथी. म्हणून रोज पाहा लागते." मग दोन बोटं दुपट्ट्यावर उभी केली आणि चुणीवरून घसरवत खाली आणली. "ही माही पोट्टी."

"तुम्ही पाह्यलं काय हे?" मासोळीवाल्या बाईने विचारलं.

"मी कुठी पाह्यलं? तिनं फोनवर सांगतलं."

मे महिन्यात मजा यायची. गाडीचा पत्रा सकाळी आठलाच हात लावू देत नाही. भाऊ जाहीर करायचे, "समुंदरावर अठ्ठावीस हाय." आणि गाडीभर लोक "आहाहा" म्हणून पदराने, रुमालाने वारा घ्यायचे. एकाने तर ते ऐकून खिडकी उघडली होती. आत आली ती गडचांदूरची सिमेंटची धूळ.

इंजिन सुरू झालं की मात्र मोबाईल बंद होऊन डब्याच्या पिशवीत जायचा. मग वाटेत खुद्द समुद्राने फोन केला असता तरी भाऊंनी उचलला नसता.

आता माझ्याकडे येतो. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी विहिरीत पडलो होतो, तेव्हापासून आहे. बल्लारपूर सोडलं की वर्धा नदीचा पूल लागतो आणि तो ओलांडेपर्यंत मी दांडा घट्ट धरून डोळे मिटून उभा राहायचो. इतकी वर्षं हे फक्त भाऊंना ठाऊक होतं, कारण समोरच्या आरशात त्यांना मी दिसायचो. एका सकाळी नदीला पाणी जास्त होतं. भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "पाहा जी, आपले कंडक्टर डोळे लावून पूल पार करून राह्यले." साऱ्या गाडीने माना वळवल्या. मासोळीवाली बाई म्हणाली, "या बाबू, माह्या टोपलीत बसा, मासोळीवानी सांभाळून नेतो." लोक कोरपन्यापर्यंत हसत होते. मीही हसलो. पण आतून जळालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊंच्या चष्म्याची दांडी तुटली. चष्मा दुरुस्तीला टाकलेला. सकाळी गाडी भरत होती. भाऊंनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"वाचून दे बाबू. आज पोट्टीची परीक्षा हाय. शिकवाचा परवाना भेटते. सकाळी पोहणं हाय अन दुपारी बुडत्याले वाचवाचं."

मी पाहिलं. लाट दोन फूट, वारा मंद, दिवसभर हिरवं. अगदी चालू समुद्र. मला वाटलं, या माणसाला एकदा पाण्याची भीती वाटलीच पाहिजे. चार लोकांसमोर वाटली पाहिजे.

"दुपारून कठीण दिसते, भाऊ," मी म्हणालो. "लाट पंधरा फूट. वारा तुफान. बाण लाल झाले."

मला त्यांचा उतरलेला चेहरा क्षणभर पाहायचा होता, आणि लगेच "मजाक केली" म्हणायचं होतं. चेहरा उतरला. पण मी तोंड उघडेपर्यंत ते माझ्या हातातून मोबाईल घेऊन खाली उतरलेसुद्धा. मागून कोणीतरी तिकीट मागितलं, मी फाडून दिलं, मग आणखी एकाने मागितलं. खिडकीतून मला ते खांबाजवळ उभे दिसत होते. एक हात गळ्यावर. फोनवर भांडत असतील, असं मला वाटलं. ते मुलीला स्वतःच्या गळ्याची शपथ घालत होते.

परत आले तेव्हा डोळे ओले होते. सगळ्यांसमोर माझा खांदा धरून म्हणाले, "ऐकलं तिनं. नाई उतरणार पाण्यात. बाबू, तुह्यामुळं वाचली माही पोट्टी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. अजून वेळ होता, एक फोन केला असता तर सगळं सरळ झालं असतं. पण बल्लारपूरला चढलेली मासोळीवाली बाई सारं ऐकून मला हात जोडत होती, गुरुजी "वेळेवर वाचलंत" म्हणत होते, आणि राजुऱ्याला भाऊंनी मला चहा पाजला. तो चहा मी प्यालो. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे मी पुष्कळदा मनातल्या मनात विचारलं आहे. बहुतेक जण बोलले असते.

दुपार कोरी निघाली, कसलंही तुफान आलं नाही. बाकीची मुलं पास झाली. परीक्षा घेणारे लोक बाहेरून आलेले, त्यांनी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊ मोबाईल न काढताच बसले. बाईने विचारलं, चालू का बंद. म्हणाले, "मोबाईल फिरला, बाई. त्याच्यावर काय भरोसा." आणि गिअर टाकला.

त्या गाडीतून इतक्या शांतपणे मी कधी गेलो नव्हतो. लोकांना तर समुद्राची सवय लागलेली. पंधरवडा त्यांनी कसाबसा काढला. मग मासोळीवाल्या बाईनेच एका सकाळी पुढे होऊन टोपली इंजिनच्या झाकणावर ठेवली.

"तोंड फुगवून कायले बसता? समुंदर सांगा, नाई तं ही टोपली इथीच राह्यते कोरपन्यापर्यंत."

वासाला घाबरून म्हणा किंवा कशाने म्हणा, भाऊंनी मोबाईल काढला. गाडीत टाळ्या पडल्या. चष्मा आला होता, तरी स्वतः वाचून झालं की मोबाईल माझ्याकडे द्यायचे. "तू बी पाह्य. दोघांनी पाह्यलं का चूक होत नाई. मागं तू बरोबरच वाचलं होतं, त्याले तू काय करणार." आणि मी रोज सकाळी तो मोबाईल हातात घेऊन मान डोलवायचो.

मुलगी पुढच्या वर्षी पास झाली. परीक्षा कधी आहे हे मात्र तिने घरी कळवलं नाही. झाल्यावर सांगितलं. पास झाली त्याचे पेढे भाऊंनी गाडीत वाटले आणि म्हणाले, "हुशार हाय, मले विचारलंच नाई." सगळे हसले. मी पेढा खिशात टाकला. घरी जाऊन पाहतो तर त्याचा चुरा झालेला.

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी डेपोतल्या पोरांनी गाडीला झेंडूच्या माळा लावल्या. गुरुजींनी शाल आणली. मासोळीवाल्या बाईने त्या दिवशी टोपली आणली नाही आणि त्याचं श्रेय सबंध रस्ताभर घेतलं. "आज वास नाई हो, भाऊसाठी," असं ती चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. कोरपन्याच्या स्टँडवर गाडी लागली तरी कोणी उतरेना. भाऊ सीटवरून मागे वळून बसले, गळ्यात हार.

"आता तं मोकळे झाले," बाई म्हणाली. "जा आता पोट्टीकडं. डोळ्यानं पाहा समुंदर."

भाऊ हसले. "ती येऊ नोका म्हणते."

"काऊन?"

"म्हणते, बाबा, तुम्ही तिथी उभे राह्यले का माह्यं ध्यान लाटेवर राह्यत नाई. तुम्हाले भेव लागते अन मले ते दिसते. मांगं शपथ घातली होती ना जी मी. तवापासून तसंच हाय." हाराची एक पाकळी खुडून त्यांनी बोटांत चुरगळली. "बरोबरच हाय तिचं. इथून पाहीन. मोबाईल तं हायच."

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो, की एका वर्षाचाच तर प्रश्न होता, झाली ना पास. हा माणूस उरलेलं सगळं आयुष्य समुद्र तळहातावर पाहणार, कारण मला पुलावर भीती वाटते हे लोकांना कळलं होतं.

गंमत लोकांसमोर केली होती. म्हणून लोकांसमोरच बोललो. चष्मा, दोन फूट, पंधरा फूट, सगळं सांगितलं. चहासुद्धा.

गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. बाई म्हणाली, "तू केलं हे, बाबू?" आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने त्यांनी रस्त्यात आडव्या आलेल्या ढोराकडेही कधी पाहिलं नव्हतं. मग हार काढून स्टिअरिंगवर अडकवला, मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"मले कायले सांगतो? तिले सांग."

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता आणि त्याच्या मागे एक मोठा, थांबून थांबून येणारा आवाज. तो कसला हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"बाबा? झाला का कार्यक्रम?"

"मी बोलतो, बाई. कंडक्टर."

"काका? बाबा बरे हायेत ना?"

"बरे हायेत. समोर बसले हायेत." माझा दुसरा हात दांड्यावर होता, तो मी काढला. "बाई, त्या परीक्षेच्या दिवशी तुह्या बाबापाशी चष्मा नोता. मोबाईल मी वाचला. त्याच्यात काहीच वाईट नोतं, तुफान मी आपल्या मनानं जोडलं, त्यायची मजाक कराले. ते पाण्याले नाई भेले, माह्या शब्दाले भेले. तुही परीक्षा मी बुडवली अन नाव त्यायचं झालं, अन मी इतके दिवस रोज त्यायच्या बाजूले बसून गप्प राह्यलो. माह्यं चुकलं, बाई. मले माफ कर, नाई तं नोको करू, पण त्यायले तिकडं येऊ दे."